हवेच्या दोन पिशव्या

कृष्णा आणि तारळी या दोन नद्या जिथे एकमेकींना भेटतात, तिथे उंब्रज हे गाव आहे. गाव कराड तालुक्यातले, सातारा जिल्ह्यातले. पुण्याहून बंगळूरला जाणारा मोठा रस्ता गावाला लागूनच जातो. उत्तरेला सातारा, दक्षिणेला कराड. गावातून एक वाट चाफळला जाते, एक मसूरला जाते. दिवस असो की रात्र असो, इथली रहदारी थांबत नाही. ट्रक जातात, एस. टी. जाते, हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत वडापच्या गाड्या जातात.

वडाप म्हणजे काय, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. बाजाराला जायचे, दवाखान्यात जायचे, पोरांना शाळेत पोचवायचे, की आपण वडापला हात करतो. गाडी थांबते. आपण सरकून बसतो. गाडी सुटते.

साक्षरता वर्गाच्या कामासाठी आम्ही त्या बाजूला जात असतो. एकदा सकाळी आम्हांला उंब्रजहून चाफळला जायचे होते. रस्त्याकडेला एक व्हॅन उभी होती. गाडीचा मालक तरुण गडी. गाडी जुनी, पण पुसून लख्ख केलेली. आम्हांला पाहून तो म्हणाला,

“या गुरुजी, बसा. गाडी आता लई मऊ झालीया. एअरबॅग बसवल्यात नव्या.”

आम्ही पुढच्या सीटकडे पाहिले. तिथे त्याची सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. समोरच्या फळीवर हनुवटी टेकून रस्ता बघत होती. सीटचा पट्टा कुठे दिसेना. तो सीटच्या कव्हराखाली खोचून ठेवला होता.

आम्ही विचारले, “पोरीला पट्टा नाही का बांधत?”

गडी हसून म्हणाला, “पट्टा कशाला वो आता? एअरबॅग हायत की. पोरगी कुठं जातीया!”

“कुठे आहेत त्या? दाखवा बघू.”

तो खाली वाकला. मागच्या चाकाजवळ बोट दाखवले. तिथे स्प्रिंगच्या पोटात रबरासारखी एक काळी पिशवी बसवली होती. दुसऱ्या चाकाजवळ तशीच दुसरी. दोन्हींत हवा भरलेली होती.

आमच्या अंगावर काटा आला. गडी खोटे बोलत नव्हता. त्याने खरेच पैसे मोजले होते. गॅरेजवाल्यानेही त्याला फसवले नव्हते. त्या पिशव्यांना गॅरेजात एअरबॅगच म्हणतात. पण अपघातात जीव वाचवणारी एअरबॅग वेगळी. ती त्या गाडीत नव्हतीच. नाव एक होते, वस्तू दोन होत्या. आणि त्या नावाच्या भरवशावर बापाने पोरीचा पट्टा सोडला होता.

चाफळ येईपर्यंत आम्ही त्याला जे सांगितले, तेच इथे सविस्तर लिहीत आहोत. ज्याच्या घरी गाडी आहे त्याने हे वाचावे. ज्याच्या घरी नाही त्यानेही वाचावे. कारण गाडीत तर सगळेच बसतात.

खालची पिशवी

आधी खालच्या पिशवीची गोष्ट पाहू.

बैलगाडीत बसून खडीच्या रस्त्याने गेला आहात ना? चाक दगडावरून गेले, की तो दगड थेट आपल्या पाठीला कळतो. कारण चाक आणि बैठक यांच्या मध्ये लवचिक असे काही नसते. टांग्यात तसे होत नाही. टांग्याखाली लोखंडी पट्ट्यांची कमान असते. चाक उडाले की कमान दबते. धक्का तिथेच बराचसा विरतो.

मोटारीतही तीच युक्ती आहे. ट्रकखाली जाड पट्ट्यांचे पाटे असतात. लहान गाड्यांत बहुधा वेटोळ्यांची स्प्रिंग असते. जोडीला शॉकअप असतो. स्प्रिंग दबून वर आली की तिने सारखे नाचत राहू नये, म्हणून शॉकअप तिला आवरतो.

पण लोखंडी स्प्रिंगला एक अडचण आहे. तिची ताकद कारखान्यात एकदाच ठरते. नंतर ती बदलत नाही. वडापचा गडी सकाळी एकटाच गाडी घेऊन निघतो. तेव्हा गाडी हलकी असते. स्प्रिंग ताठ राहते आणि गाडी उडते. मग माणसे बसतात, पोती येतात, डबे येतात. आता गाडी मागे बसते. खड्डा आला की खालून ठण्ण आवाज येतो. एकच स्प्रिंग हलक्या ओझ्याला ताठ होते आणि जड ओझ्याला मऊ पडते.

इथे हवा कामाला येते. कशी, ते घरीच करून पाहा. सायकलचा हवेचा पंप घ्या. त्याचे खालचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा. आता दांडा खाली दाबा. थोडा खाली जातो, मग अडतो. हात सैल सोडा. दांडा आपोआप वर येतो. आत स्प्रिंग नाही, लोखंड नाही. आहे ती नुसती कोंडलेली हवा. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते.

आणि तिच्यात आणखी एक गुण आहे. हवा जास्त भरली की ती ताठ होते. कमी केली की मऊ होते. म्हणजे ओझे पाहून स्प्रिंगची ताकद बदलता येते. लोखंडाला हे साधत नाही.

अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात टायर बनवणाऱ्या कारखानदारांनी यावर काम सुरू केले. १९५३ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांखाली अशा हवेच्या पिशव्या आल्या. आज आपल्याकडेही मोठ्या आरामगाड्यांखाली त्या असतात. मुंबईच्या लोकलच्या डब्यांखालीही असतात. लोकलमध्ये माणसे ओसंडून भरली काय किंवा डबा रिकामा असला काय, डब्याची उंची फलाटाशी बरोबर राहावी लागते. ते काम हवा करते.

मोठ्या बसमध्ये सगळी व्यवस्था असते. हवा दाबणारा कंप्रेसर असतो, हवेची टाकी असते, नळ्या असतात. गाडी खाली बसली की एक झडप उघडते आणि पिशवीत हवा जाते. ओझे उतरले की जादा हवा बाहेर सुटते. हे सारे आपोआप होते.

लहान व्हॅनमध्ये बहुधा साधी व्यवस्था बसवतात. मूळची स्प्रिंग तशीच ठेवतात. तिच्या पोटात किंवा तिच्या जोडीला हवेची पिशवी घालतात. टायरमध्ये भरतो तशी तिच्यात हवा भरतात. आमच्या गड्याच्या गाडीत हेच होते. त्याने गाडी मऊ झाली, हे खरेच होते. कंबर दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला, दवाखान्यात न्यायच्या आजाऱ्याला त्याने आराम मिळतो. गाडी मागे बसत नाही, म्हणून दिव्यांचा झोतही वर जात नाही. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. म्हणजे ही पिशवी चांगलीच आहे. तिला आम्ही नावे ठेवत नाही.

पण तिच्याबाबत चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट. पिशवी बसवली म्हणून गाडीची ओझे वाहण्याची ताकद वाढत नाही. गाडी मागे बसलेली दिसत नाही एवढेच. खालचा आस तोच, ब्रेक तेच, टायर तेच. गाडी वाकली नाही म्हणून आणखी दोन पोती टाकली, तर ब्रेक लागायला उशीर होईल आणि टायर फुटेल.

दुसरी गोष्ट. बनवणाऱ्याने हवेचा जेवढा दाब सांगितला असेल, तेवढाच ठेवावा. फार कमी ठेवला तर पिशवी चिमटते आणि फाटते. फार जास्त ठेवला तर गाडी दगडासारखी कडक होते. डाव्या आणि उजव्या पिशवीची हवा सारखी असावी. नाहीतर गाडी एका अंगाला झुकते.

तिसरी गोष्ट. पिशवी आणि तिची नळी गरम सायलेन्सरला किंवा धारदार पत्र्याला घासता कामा नये. महिन्यातून एकदा वाकून पाहावे. साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर हवा गळते आहे असे समजावे.

चौथी गोष्ट. नुसत्या हवेवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. हवा सुटली तर गाडी अंगावर येते. आधी जॅक लावावा, त्याखेरीज भक्कम लाकडी ओंडके किंवा घोडी लावावी, मगच खाली जावे.

समोरची पिशवी

आता दुसरी पिशवी. ही आपल्याला दिसत नाही. ती स्टेअरिंगच्या मधोमध घडी करून ठेवलेली असते. शेजारच्या सीटसमोरच्या फळीतही असते. काही नव्या गाड्यांत ती बाजूलाही असते. गाडी वर्षानुवर्षे चालली तरी ती उघडत नाही. गाडीच्या आयुष्यात ती एकदाच उघडावी, किंवा कधीच उघडू नये, अशी ही वस्तू आहे.

तिच्या जन्माची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५२ साली अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाचे एक तंत्रज्ञ बायको आणि लहान मुलीला घेऊन मोटारीने फिरायला निघाले होते. वाटेत अचानक मोठा दगड आडवा आला. हेट्रिक यांनी ब्रेक दाबला आणि गाडी चरात घातली. त्याच क्षणी नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे गेले. मूल समोर आपटू नये, म्हणून. सुदैवाने कोणाला लागले नाही. पण घरी आल्यावर हेट्रिक यांच्या मनातून तो क्षण जाईना. माणसाचा हात पुढे गेला, तशी गाडीतूनच काहीतरी मऊ वस्तू पुढे का येऊ नये? त्यांनी चित्र काढले. १९५३ साली त्यांना त्या कल्पनेचे पेटंट मिळाले. जर्मनीतही एका संशोधकाने तशीच कल्पना त्याच सुमारास मांडली होती. पण ती प्रत्यक्षात नीट उतरायला पुढे बरीच वर्षे लागली. आपल्या सर्वांच्या रोजच्या गाड्यांत ती यायला तर त्याहून वेळ लागला.

एवढा वेळ का लागला? कारण काम फार अवघड आहे. समजा, गाडी तासाला ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोर उभ्या ट्रॉलीवर आदळली. गाडी थांबली. पण आतला माणूस थांबत नाही. तो ६० च्याच वेगाने पुढे जातो. हा वेग किती मोठा आहे? पंचेचाळीस फूट खोल कोरड्या विहिरीत माणूस पडला, तर तळाशी तो साधारण एवढ्याच वेगाने आपटतो. असा माणूस हाताने स्वतःला सावरू शकेल काय? मांडीवरचे मूल धरून ठेवू शकेल काय? कितीही ताकदवान असला तरी शक्य नाही.

तोच माणूस उंचावरून कडब्याच्या गंजीवर पडला तर? लागेल, पण जगण्याची आशा असते. खडकावर माणूस एका झटक्यात थांबतो. गंजीत तो हळूहळू थांबतो, आणि मार सगळ्या अंगावर वाटला जातो. समोरची पिशवी म्हणजे ऐन वेळी उभी राहणारी कडब्याची गंजी आहे.

पण ती ऐन वेळी उभी राहायला हवी. एका सेकंदाचे हजार भाग करा. आपली पापणी मिटून उघडायला त्यांतले शंभराहून जास्त भाग लागतात. पिशवी मात्र टक्कर झाल्यावर तीस ते पन्नास भागांत पुरी फुगलेली असते. पापणी लवण्याआधी सारे घडते.

ते असे घडते. गाडीच्या पुढच्या भागात आणि आत टक्कर ओळखणारी यंत्रे असतात. त्यांना सेन्सर म्हणतात. गाडी एकाएकी थांबली की ती आतल्या लहान संगणकाला कळवतात. संगणक ठरवतो की हा नुसता खड्डा आहे की टक्कर आहे. टक्कर असेल तर तो विजेची ठिणगी पाठवतो. पिशवीमागच्या डबीत रसायन असते. ते भडकते आणि क्षणात गॅस तयार होतो. तो गॅस पिशवी फुगवतो. म्हणजे या पिशवीत टायरसारखी हवा भरून ठेवलेली नसते. तिथे लहानसा सुरुंग असतो म्हणा ना!

पिशवीला मागच्या बाजूने भोके असतात. माणूस तिच्यावर आपटला की त्या भोकांतून गॅस बाहेर जातो. पिशवी मऊ पडत जाते. माणूस हळू थांबतो. वेगाने आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसेच हे.

उघडल्यावर पिशवीतून पांढरी भुकटी उडते. आग लागली असे वाटते. पण ती पिशवी चिकटू नये म्हणून लावलेली भुकटी असते. घाबरू नये. पट्टा सोडून बाहेर यावे. एकदा उघडलेली पिशवी परत चालत नाही. नवी बसवावी लागते, आणि ती कंपनीच्या अधिकृत कारखान्यातच.

आधी पट्टा, मग पिशवी

या पिशवीवर तीन अक्षरे लिहिलेली असतात, एस. आर. एस. त्यांचा अर्थ असा, की ही पूरक व्यवस्था आहे. पूरक म्हणजे मुख्य नव्हे. जेवणात भाकरी मुख्य आणि ठेचा पूरक. नुसत्या ठेच्यावर पोट भरत नाही. इथे भाकरी कोणती? सीटचा पट्टा.

पट्टा माणसाला सीटशी धरून ठेवतो. पिशवी त्याचे डोके आणि छाती झेलते. पट्टा नसेल तर पिशवी फुगत असतानाच माणूस तिच्यावर जाऊन आदळतो. पिशवी फुगते तेव्हा तिचा वेग तासाला दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत असतो. जी वस्तू झेलायला आली, तीच थोबाडीत बसते. अमेरिकेत १९९० नंतरच्या वर्षांत पुढच्या सीटवरची काही लहान मुले पिशवीच्या माराने दगावली. त्यांतली बहुतेक मुले पट्ट्याने नीट बांधलेली नव्हती, किंवा तान्ही मुले पुढच्या सीटवर उलट्या पाळण्यात ठेवली होती. म्हणून लहान मुलाने मागेच बसावे. समोर पिशवी असलेल्या सीटवर मूल मांडीवर घेऊन तर कधीच बसू नये.

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये निल्स बोलिन या तंत्रज्ञाने तयार केला. त्याच्या कंपनीने तो सगळ्या जगातल्या कारखान्यांना वापरू दिला. पट्टा साधा आहे. पण मोटारीत त्याच्याइतके जीव दुसऱ्या कोणत्याही वस्तूने क्वचितच वाचवले असतील.

कोणी म्हणेल, पट्टा पुढच्यासाठी, मागे बसणाऱ्याला कशाला? त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक भारी मोटार कठड्यावर आदळली. तीत मोठे उद्योगपती सायरस मिस्त्री होते. ते मागच्या सीटवर होते. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी भारी होती. तिच्यात हवेच्या पिशव्या होत्या. पैशाला तर तोटाच नव्हता. कमी पडला तो एक साधा पट्टा.

मागे बसलेला माणूस पट्टा बांधत नाही, तेव्हा तो एकटाच मरणाच्या दारात जात नाही. टक्कर झाली की तो पोत्यासारखा पुढच्या सीटवर आदळतो. पुढच्याने पट्टा बांधला असला तरी त्याला हा मार मागून बसतो.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट न वापरता नेले तरी तेवढाच दंड आहे. पण दंडाचे सोडा. हजार रुपये परत मिळवता येतात.

जुन्या गाडीला ही पिशवी बसवता येते काय?

आमच्या गड्यानेही हेच विचारले. “मग गुरुजी, ती दुसरी पिशवी बसवून घेऊ की. किती पैसे पडतील?”

आम्ही त्याला सांगितले, ती पिशवी अशी बसवता येत नाही. खालची पिशवी म्हणजे जोड आहे. ती नंतर लावता येते. समोरची पिशवी म्हणजे गाडीच्या हाडामासाचा भाग आहे. गाडीचा पुढचा भाग किती चेपावा, सेन्सर कुठे असावा, पिशवी कितव्या क्षणी उघडावी, हे सारे कारखान्यात ठरते. त्यासाठी नव्या गाड्या मुद्दाम भिंतीवर आदळून पाहतात. एका गाडीचे गणित दुसरीला लागू पडत नाही.

भंगारातून आणलेली पिशवी जुन्या स्टेअरिंगमध्ये बसवली तर काय होईल? टक्कर झाल्यावर ती उघडणार नाही. किंवा टक्कर नसतानाच उघडेल आणि ड्रायव्हरच्या तोंडावर फुटेल. तिच्यात सुरुंग आहे, हे विसरू नका. असे काम स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

शिवाय गाडीची मूळ रचना मनाने बदलायला कायद्याची बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही बंदी पक्की केली. खालची पिशवी बसवण्याआधीसुद्धा आर. टी. ओ. कार्यालयात विचारून घेतलेले बरे. कराड आणि पाटणच्या लोकांना त्यासाठी साताऱ्याला जायला नको. कराडलाच ते कार्यालय आहे. ‘एम. एच. ५०’ हा नंबर तिथलाच.

मग समोरची पिशवी हवी असेल तर? ती असलेली गाडीच घ्यावी. चालकाखेरीज आठपर्यंत माणसे नेणाऱ्या नव्या मोटारींत चालकासमोरची पिशवी १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. चालकाशेजारच्या सीटसमोरची पिशवी २०२१ साल संपता संपता सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. जुनी गाडी विकत घेताना ती कोणत्या सालची आहे, हे म्हणून पाहावे. किल्ली फिरवल्यावर पिशवीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर पिशवीत बिघाड आहे असे समजावे.

आणि ज्यांच्या गाडीत पिशवी आहे, त्यांनी तिची वाट अडवू नये. पिशवीच्या झाकणावर देवाची मूर्ती, नारळ, मोबाईल असे काही चिकटवू नये. पिशवी उघडली की ती वस्तू गोळीसारखी तोंडावर येते. देव फोटोत बाजूला ठेवावा. तो रागावणार नाही. समोरच्या फळीवर पाय ठेवून बसू नये. स्टेअरिंग आणि छाती यांत निदान एक वीत चार बोटे, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. गाडीच्या पुढे लोखंडी गार्ड लावू नये. त्याने सेन्सरला टक्कर नीट कळत नाही, आणि समोर आलेल्या पादचाऱ्याला जास्त मार बसतो. केंद्र सरकारने २०१७ साली अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवले होते.

एवढे ध्यानात ठेवा

१. चाकाजवळची पिशवी आरामासाठी. समोरची पिशवी जिवासाठी. नाव एक असले तरी काम एक नाही.

२. चाकाजवळची पिशवी बसवली म्हणून जास्त ओझे भरू नये.

३. समोरची पिशवी गॅरेजात बसवून घेऊ नये. ती कारखान्यातूनच आलेली असावी.

४. पिशवी असो वा नसो, पट्टा आधी. पुढे बसणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही.

५. लहान मूल मागे बसवावे. मांडीवर किंवा उभे ठेवू नये.

६. अपघात झाला तर १०८ नंबरला फोन करावा. रुग्णवाहिका येते.

चाफळ आले. गडी बराच वेळ गप्प होता. मग तो उतरला आणि सीटचे कव्हर उसकटू लागला. आतून पट्टा निघाला. धुळीने मळलेला, पण धड होता. त्याने तो दोनदा ओढून पाहिला. अडकवून पाहिला. खटका बसला. मग मागच्या सीटचा पट्टा शोधला. तोही सापडला.

“चल गं, मागं बस,” तो मुलीला म्हणाला.

मुलगी कुरकुरली. तिला पुढून रस्ता बघायचा होता. बापाने तिला खिडकीशी बसवले आणि पट्टा लावला. मग आमच्याकडे पाहून म्हणाला, “गुरुजी, पैसं घालवलं ते कंबरेसाठी. आणि जिवासाठी लागतं ते फुकट व्हतं, ते मी खोचून ठेवलं व्हतं.”

आम्ही म्हणालो, “ते पैसेही वाया गेले नाहीत. गाडी मऊ झाली ना? आता ती बिनघोरही झाली, एवढेच.”

परतीच्या वाटेने तो उंब्रजकडे निघाला. स्टेअरिंगला हात लावण्याआधी त्याने स्वतःचाही पट्टा बांधला.